नाकातून गेला का कापडातून

माय आमच्या वरवट बकालच्या वावरात सांबार, मेथी आणि वांगी लावते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या मैत्रिणींना हे दर वेळी सांगावं लागतं. घरात सगळ्यांत तेज नाक तिचंच. जुडी नुसती नाकाजवळ नेऊन ती सांगायची, आजची आहे की कालची. चुलीवरची भाजी बुडाला लागायच्या आत तिला अंगणात कळायचं.

बाबा गेले, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. तिनं मला ते लगेच सांगितलं नाही. मी तेव्हा बंगळूरला मेंदूच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते, अजूनही करते, आणि आमचं बोलणं रोज संध्याकाळी फोनवर व्हायचं. एकदा तिनं सहज सांगितल्यासारखं सांगितलं की वांग्याची भाजी पार कोळसा झाली, शेजारीण धावत आली तेव्हा समजलं. मग म्हणाली, "मले वासच येऊन नाही राह्यला, बाई."

माझं काम नेमकं वासावरच चाललं होतं. नाकाच्या आत अगदी वर वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या मरतात आणि जन्मभर नव्या येत राहतात. पण नवी पेशी नुसती उगवून भागत नाही. तिला आपला बारीक धागा हाडातल्या भोकांमधून वर मेंदूत पाठवावा लागतो आणि तिथे आपली नेमकी जागा शोधून पुढच्या पेशीशी जोडणी करावी लागते. त्या जोडणीला सिनॅप्स म्हणतात. तिथेही दोन पेशी एकमेकींना शिवत नाहीत. मधे फट राहते आणि निरोप रसायनातून पलीकडे जातो. वापरात राहिली तर जोडणी पक्की होते, पडून राहिली तर विरत जाते.

आम्ही उंदरांच्या या पेशी औषधानं घालवायचो आणि जोडण्या पुन्हा कशा बसतात ते पाहायचो. उंदीर वागतो कसा, हेही पाहायचो. पिंजऱ्यातल्या भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरायचा. धड उंदीर थेट तिथे जाऊन उकरतो. वास गेलेला उंदीर इथे उकरतो, तिथे उकरतो, थांबून अंग चाटत बसतो, परत कुठेतरी उकरायला लागतो. मायला बरं वाटावं म्हणून मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मंग भेटते का त्याले?" तिनं विचारलं.

कधी कधी भेटतं, चुकून, असं मी म्हणाले.

खामगावच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन-चार ओळखीचे वास मन लावून घ्यायला सांगितलं. आला नाही तरी तो आठवून पाहायचा, म्हणजे नव्या जोडण्यांना वळण लागतं. मीही तेच सांगितलं असतं. मायनं लवंग घेतली, लिंबू घेतलं, सांबार तर हाताशीच होता. आणखी एक वास ती घेत होती, तो तिनं बरेच दिवस सांगितला नाही. मग एकदा बोलता बोलता निघालं की बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा तिनं न धुता एका पिशवीत बांधून स्टीलच्या डब्यात ठेवलाय. ताप यायच्या आधीही ती तो कधीमधी उघडून पाहायची. आता रोज उघडत होती.

डबा उघडला की वास थोडा उडतो, हे मला माहीत होतं. रोज उघडला तर रोज उडणार. पण तिला 'नको उघडू' कुठल्या तोंडानं सांगायचं, ते सुचलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा तिला काहीतरी यायला लागलं, पण उलटंसुलटं. लसणाची फोडणी दिली की टायर जळल्यासारखं व्हायचं. चहा तर तोंडाजवळ नेववेना. ती घाबरली. मी तिला समजावलं की धागे परत वर पोचून राह्यले, फक्त काही चुकीच्या ठिकाणी जोडले गेले, थोडा दम धर. तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप तिच्यासारखी होते. मग एका सकाळी वावरात जुड्या बांधताना तिला सांबार आला. अगदी पहिल्यासारखा. तिनं कामाच्या वेळात मला कधी फोन केला नव्हता, तो त्या दिवशी केला.

मी सुट्टी काढून घरी गेले. पोचल्यावर माझा एकटीचा चहा झाला, आणि मायनं कपाटातून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकण काढलं, पिशवीची गाठ सोडली, दुपट्टा बाहेर घेतला. आधी तिनं नाकाला लावला. मग माझ्या हातात दिला.

"सांबार येते, लवंग येते. हा काऊन नाही येत?" ती म्हणाली. "माह्या नाकातून गेला का कापडातून गेला, तेवढं सांग."

मी दुपट्टा तोंडावर घेतला. तंबाखू, घाम, वावरातली माती, असं काहीतरी मला हवं होतं. प्लास्टिकच्या पिशवीचा वास आला. घडीच्या आतल्या बाजूला नाक खुपसून पाहिलं, तिथेही तोच. तेव्हा मला कळलं की बाबांचा वास मला मनात आणताच येत नाही. त्यांचा चेहरा येतो, आवाज येतो. वासाचं तसं नसतं. तो समोर आला तर ओळखता येतो, बोलावून येत नाही.

"कापडातून, माय," मी म्हणाले. "मलेही नाही आला."

तिनं मान हलवली. बराच वेळ दुपट्टा मांडीवर घेऊन बसली, त्याच्या काठावरून बोटं फिरवत राहिली. रडली नाही. मग उठली आणि तो साबणाच्या पाण्यात भिजवला. मी म्हणाले, राहू दे ना, पण तिनं घासून, पिळून दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी वाळलेला दुपट्टा डोक्याला बांधून ती वावरात गेली.

आता ती बहुतेक सगळं ओळखते. लसूण मात्र अजून बिनसलेलाच आहे, त्यामुळे आमच्या घरच्या भाज्या बिनलसणाच्या झाल्यात. इकडे प्रयोगशाळेत नवे उंदीर आलेत. बिस्किट पुरताना मी हल्ली तुकडा थोडा वरवरच ठेवते, मग लक्षात आलं की पुन्हा खाली दाबते.

मागच्या खेपेला घरी गेले, तर दारामागच्या खुंटीला दुपट्टा लटकलेला. मी सहज तोंडाशी नेला. उन्हाचा, घामाचा, सांबाराच्या ओल्या मुळ्यांचा, मायचा वास. मी तो पुन्हा नाकाला लावला.

"काय करून राह्यली?" माय आतून म्हणाली. "मळला तो. धुयाले टाक."

हो म्हणाले, आणि टाकला नाही.