पुंजारामचा पितळी दांडा

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. शेंगदाण्यांच्या पुड्या खिशात घाला, खोकून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या. पडदा वर जातोय.

रंगमंचावर नाशिकच्या सातपूर कॉलनीतली एक खोली. डावीकडे लोखंडी कॉट. कॉटखाली सात रेकॉर्ड प्लेअर, त्यातले पाच मुके. उजवीकडे ओल्या फडक्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग आणि ढिगामागे गजरे ओवणारी कुसाबाई. मधोमध टेबल, टेबलावर आठवा रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्यावर असा ओणवा झालेला एक माणूस की प्रेक्षकांना त्याची फक्त पाठ दिसावी. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. वेळ दुपारची, पहिली पाळी सुटल्यानंतरची.

ती पाठ पुंजारामची. आज मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

पुंजाराम मूळचा मखमलाबादचा, फुलांच्या मळ्यातला. बापाची इच्छा की पोरानं शेवंती लावावी. पोरगं निघालं आयटीआयला, आणि तिथून सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटलं. शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं, याचा व्हर्निअर कॅलिपर. मी एकदा त्याच्याकडे जेवायला बसलो होतो, तर यानं भाकरी मोजली आणि बायकोला म्हणाला, "एका कडेला अर्धा मिलिमीटर जास्त हे." कुसाबाईनं ती भाकरी उचलून माझ्या ताटात वाढली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही आता व्हर्निअरच खा."

दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जायचं आणि कुणाला नको असलेला रेकॉर्ड प्लेअर उचलून आणायचा, हा त्याचा नाद. लोकांच्या घरात कॅसेटी येऊन सीडी यायला लागल्या होत्या, तेव्हा हा उलट्या दिशेनं निघाला होता. गाण्याचा मात्र त्याला गंध नव्हता. तबकडी फिरली, सुई चालली, की याचं पोट भरलं. त्याच्या मालकीच्या रेकॉर्डी तीनच: एक सनईची, एक बँडची आणि एक इंग्रजी संभाषण शिकवणारी. ती तिसरी तो रोज लावायचा, पण शिकण्यासाठी नव्हे. ती सर्वांत सपाट होती म्हणून.

आठवा प्लेअर हा त्याचा मानाचा. त्याचा मूळचा दांडा, म्हणजे सुई धरून रेकॉर्डवरून सरकणारा हात, तुटलेला होता. पुंजारामनं मालकांच्या परवानगीनं जेवणाच्या सुट्टीत लेथवर नवा दांडा कातला. भरीव पितळेचा. पाव किलोचा. तीन महिने लागले. त्यावर त्यानं अशी चकाकी आणली होती की कुसाबाई त्यात बघून कुंकू लावायची. त्याच्या टोकाला बसवली ती दुबईहून पुतण्या महेशनं पाठवलेली कार्ट्रिज, म्हणजे सुईची डबी. परदेशी, नाजूक, सुई मुंगीच्या पायाएवढी आणि तशीच लवचीक.

या यंत्राकडे मी एक रेकॉर्ड घेऊन गेलो आणि नाटक सुरू झालं.

रेकॉर्ड होती नवसाबाईंची. आमच्या संगीत नाटकमंडळीची नायिका! मी, मल्हारी, त्याच मंडळीत बावीस वर्षं विसरभोळ्या नोकराचं काम केलं. विंगेत उभा राहून त्यांचं गाणं ऐकताना खरोखरच प्रवेश विसरलो, आणि लोकांना वाटलं काय अभिनय आहे. बाईंना आता पंचाहत्तरावं लागलं होतं. दम्यानं गाणं बंद होऊन जमाना झाला होता. पंचवटीतल्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला आणि मंडळाला बाईंची एकुलती एक रेकॉर्ड लावायची होती, कारण पन्नाशीच्या आतल्या कुणीही त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता.

बाई म्हणाल्या, "अजिबात नाही."

कारण काय? तर मनमाडचा सोडा. सदुसष्ट साली दौऱ्यावरून परस्पर रेकॉर्डिंगसाठी मुंबईला जाताना मनमाड स्टेशनवर गाडी तीन तास अडकली होती आणि बाईंनी बर्फ घातलेला सोडा घेतला होता. रेकॉर्ड आली, दिरांच्या घरच्या यंत्रावर दोनदा लावली, आवाज फाटका आला. बाईंनी ती ट्रंकेत टाकली. तेव्हापासून तीस वर्षं त्या ऊन पाणी पीत होत्या आणि स्वतःला दोष देत होत्या.

"मल्हारी, तू विंगेत होतास, तुझे कान प्रेमळ आहेत," त्या म्हणाल्या. "तबकडीला प्रेम नसतं. आधी मला ऐकवा. माझा आवाज मला ओळखू आला तरच लोकांपुढे लावायचा. नाहीतर मी शाल घेईन, नारळ घेईन आणि गप्प घरी जाईन."

सत्काराला नऊ दिवस होते. मी रेकॉर्ड छातीशी धरून सातपूरच्या बसमध्ये चढलो.

पुंजारामनं सुई टेकवली. गाणं सुरू झालं. बाई गात होत्या, पण खड्ड्याखड्ड्यांतून चाललेल्या टांग्यात बसून. प्रत्येक 'स' आणि 'श' तेलात मोहरी पडावी तसा तडतडत होता. शेवटच्या कडव्याला तर आवाज उभा फाटला. आणि स्पीकरचा कागदी पडदा, आवाज असो नसो, बेडकाच्या गळ्यासारखा आतबाहेर होत होता.

पुंजारामनं सुई उचलली. मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, बाईंना त्या दिवशी सर्दी होती का?"

"सर्दी तुझ्या मशीनला असेल!" मी नाटकातल्यासारखा ओरडलो. कळ्या ओवता ओवता कुसाबाईनं टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

पुढचे पाच दिवस पुंजारामनं उपाय केले. रेकॉर्ड धुतली. तारा बदलल्या. शेजारच्यांचा स्पीकर आणला. कारखान्यातून पातळी बघायची लेव्हल आणून टेबलाच्या पायाखाली पोस्टकार्डं घातली. सातपूरच्या विजेला नावं ठेवली. सुईवर वजन कमी पडतंय म्हणून सनईच्या रेकॉर्डवर प्रयोग करताना दांड्याच्या टोकावर चार आण्याचं नाणं ठेवलं, तर बिचारी सुई दबून थेट डबीच्या पोटात शिरली. नाणं काढल्यावर ती हळूच बाहेर आली, पण तोवर पुंजारामला घाम फुटला होता.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे सनई बरी वाजायची. बँडही बरा वाजायचा.

"बघा काका," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मशीन खराब असतं तर सनई बी फाटली असती. मला लय वाईट वाटतं. पण बाईंनी त्या सोड्याचं सांगितलं ते..."

त्या क्षणी, खरं सांगतो, मीही डळमळलो. बावीस वर्षं विंगेतून ऐकलेलं सोनं, ते पितळ होतं की काय? घरी जायला उठलो. चप्पल घालताना सवयीनं पुंजारामनं ती इंग्रजीची रेकॉर्ड लावली. आतला साहेब म्हणाला, "यश्श्श शर." मोहरी तडतडली. साहेब म्हणाला, "प्लीझ्झ्श शिट डाऊन." परत मोहरी.

मी एक चप्पल पायात, एक हातात, तसाच वळलो. "पुंजाराम! हा असा का बोलतोय?"

"इंग्रज हे तो, काका. त्यांच्यात असंच बोलतात."

"कोण म्हणालं?"

"मी दोन वर्षं ऐकतोय की."

कारखान्यात कुणी पाहुणा आला की हा मनुष्य दोन वर्षं त्याला "यश्श्श शर" म्हणत होता आणि सुपरवायझरला वाटायचं याची दाढ दुखते! मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं की जगातला कुठलाही इंग्रज फोडणीसारखा बोलत नाही. सनई, बँड ही दणदणीत वाद्यं. त्यांच्यात खोट लपून जाते. माणसाच्या आवाजात ती लगेच उघडी पडते, कारण माणसाचा आवाज आपल्याला जन्मापासून पाठ असतो.

पुंजारामचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. उजळला, कारण बाई सुटल्या. पडला, कारण आता आरोपी त्याच्या घरात होता.

"पण मी कुठं चुकलो?" त्यानं दांड्यावरून हात फिरवला. "ह्याच्याहून मजबूत दांडा अख्ख्या नाशकात नाय."

"त्येच तर!" कुसाबाई ढिगामागून म्हणाली. "एवढा सोटा, आन् म्होरं ती मुंगीच्या पायावानी सुई. जाईची कळी ओवायला मी दाभण घेते का?"

"तुला काय कळतं? मागं वजन लावून तोललाय मी त्याला. सुईवर भार फक्त दीड ग्रॅम हे. दीड!"

"असंल. माझ्या फुलांच्या हातगाडीचा भार बी चाकावर असतो, माझ्या हातावर काय बी नाय. पर खड्डा आला, गाडी वळवायची म्हटली, की माझं ऐकती का ती? मनगट मुरगळतं माझं." तिनं दातांनी दोरा तोडला. "त्या सुईचं मनगट मुरगळतंय. म्हणून बाई रडतीय."

पुंजारामनं दांडा बोटानं हलवून बघितला. रेकॉर्ड कुठलीही असो, थोडी वरखाली होतेच. त्या प्रत्येक चढउताराला पाव किलोचं पितळ झोके घेत होतं आणि ती लवचीक सुई त्याला आवरता आवरता खाचेत नीट टिकत नव्हती. वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला हे कळायला बायकोची हातगाडी लागली.

त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. कडक, जाडजूड सुई आणून पितळेला जोडायची, पण तशी सुई आता मिळणार कुठे? नाहीतर पितळ उतरवायचं. पुंजाराम त्या दांड्याकडे असा बघत बसला की मला उगाच गुन्हेगार वाटायला लागलं. मी म्हणालो, "राहू दे. बाई शाल घेतील, नारळ घेतील."

"नाय काका," तो म्हणाला. "त्यांच्या दिरांचं मशीन बी असंच कायतरी असणार. तीस वर्षं त्या बाईनं मशीनचं पाप आपल्या गळ्यावर घेतलं. दांडा परत कातता येतो."

तो गच्चीवर गेला. केबल आल्यापासून त्याच्या टीव्हीच्या अँटेनाचा उपयोग फक्त कावळ्यांना होता. त्यातली एक पोकळ अॅल्युमिनियमची नळी त्यानं कापून आणली. वजन शेवग्याच्या सुकलेल्या शेंगेएवढं. या वेळी त्यानं आणखी एक चूक शोधून काढली: दांडा ज्यावर फिरतो तो खुंटा त्यानं अंदाजानं रोवला होता. इतर सगळं व्हर्निअरनं मोजणाऱ्या माणसानं नेमकं हेच नजरेनं ठरवलं होतं! त्यामुळे सुई खाचेत तिरकी बसायची आणि गाणं तबकडीच्या मध्याकडे सरकलं की जास्तच फाटायचं. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यानं कोनमापकानं रेघा आखल्या, खुंटा उपटला आणि नखभर पुढे ठोकला. पितळी दांडा कुसाबाईनं मागच्या दाराला अडसर म्हणून लावून टाकला.

सत्काराच्या आदल्या दुपारी नवसाबाई रिक्षातून उतरल्या. मार्च महिना, गळ्याला मफलर, हातात ऊन पाण्याचा थर्मास. कुसाबाईनं वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या अंबाड्यात गजरा माळला. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. निकाल ऐकायला बसावं तशा.

पुंजारामनं सुई टेकवली.

मी ते गाणं विंगेतून शंभर वेळा ऐकलं होतं. ते तसंच आलं. पाण्यासारखं. 'स' नुसता 'स', 'श' नुसता 'श'. स्पीकरचा पडदा स्थिर. शेवटचं कडवं आलं, माझी मूठ आवळली, आणि ते कडवं अखंड, तान घेऊन, समेवर येऊन उतरलं.

बाईंचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते.

"मल्हारी," त्या डोळे उघडून म्हणाल्या, "मी बरी गात होते की रे."

विसरभोळा नोकर पुन्हा प्रवेश विसरला.

"उद्या लावा," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "दोनदा लावा. आणि आत्ता आणखी एकदा."

पुन्हा लावली. आता त्या मागे टेकून, हातानं ताल धरून, परीक्षकासारख्या ऐकू लागल्या. दुसऱ्या कडव्याला एकदम हात वर केला. "थांबवा! तो वरचा षड्ज. पोचला नाही. केसभर खाली राहिला." आणि पुंजारामकडे वळून फार लाडिकपणे विचारलं, "हेही तुमच्या दांड्याचंच असेल, नाही का हो भाऊ?"

पुंजारामनं ती जागा तीनदा लावली. लग्नपत्रिका सुईखाली धरून कोन तपासला. दांड्याच्या पातळीला डोळा लावून बघितलं. मग व्हर्निअर खिशात ठेवला, हात जोडले आणि म्हणाला,

"नाय बाई. एवढं मात्र तुमचंच हे."