बाणाला बाण कापू नये

नागपूरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा घराण्यातला पहिला बीएस्सी म्हणून मी ऐटीत त्याच्यापुढं बसलो. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी त्यावर हुकूम टाइप करून चौकोनांचे तक्ते छापायचा. चौकोन बाणांनी जोडताना बाणानं बाण कापला, की त्याला जेवण जात नसे.

कोण कोणाच्या हाताखाली, असा तक्ता साहेबांनी मागितला. बाण कापू नयेत म्हणून यानं साहेबांचा चौकोन चपराशाच्या खाली छापला!

“मी खाली काहून गा?” साहेब कडाडले.

“वर घेतलं तर बाणाले बाण कापते, साहेब.”

त्याची ठरलेली बढती मला मिळाली. नवा तक्ताही त्यालाच करावा लागला. मी ओशाळलो. तो मात्र खुशीत, “तू वर गेला अन् सारे बाण मोकळे झाले गा! मी गेलो असतो तर पुन्हा गुंताच होता.”