तिवईखालची खूण

डॉक्टरीणबाईंनी प्रश्न तसा साधाच विचारला होता. "तुमच्या घरात आधी कुणाला बाळंतपणानंतर असं झालं होतं का?" आणि मिस्त्री, म्हणजे उभा जन्म बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात घालवलेला, कधी कुणाशी खोटं न बोललेला माणूस, ताडकन म्हणाला, "छे छे! आमच्याकडे असलं काही नाही."

लेक शेजारच्या खुर्चीत बसली होती. बाळ बाहेर जावयाकडे होतं. बाळ झाल्यापासून ती धड झोपली नव्हती, धड जेवली नव्हती. पोर रडलं की भिंतीकडे बघत बसायची. एकदा एवढंच म्हणाली होती, "याला माझ्याजवळ ठेवू नका." बापाचं उत्तर ऐकून तिनं त्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्रीनं नजर वळवली. कारण तिलाही ठाऊक होतं. त्या घराण्यातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतं.

ती गोष्ट वेड्या पणजीची. नात्यानं मिस्त्रीची खापरपणजी, पण घरात सगळे तिला वेडी पणजीच म्हणत. दीडशे वर्षांपूर्वीची शेतावरची बाई. पहिला मुलगा झाला आणि तिच्या डोक्यावर परिणाम झाला. पोराला जवळ घेईना, कुणाशी बोलेना. शेवटी मळ्यातल्या विहिरीत उडी टाकली. नवऱ्यानं दुसरी केली, तिनं ते पोर वाढवलं, आणि त्या पोरापासून हे सगळे झाले. पुढे घरातली एखादी मुलगी जरा रुसली, जेवली नाही, की कुणीतरी म्हणायचंच, "वेड्या पणजीवर चाललीय!" गंमत म्हणून हं. लोकांना काय, गंमत करायला पैसे पडत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली. "हिला एकटं सोडू नका," म्हणाल्या. "आणि घरातलं काही आठवलं तर नक्की कळवा. औषध ठरवायला उपयोग होतो."

आठवायचं काय त्यात! मिस्त्रीच्या जीवाला चैन पडेना. खरं सांगावं, तर लेकीच्या तोंडावर सांगितल्यासारखं होणार, की बाई गं, तुझा शेवट ठरलेला आहे. न सांगावं, तर औषधात चूक व्हायची. आणि आणखी एक होतं, ते तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हता. त्याला लेकीच्या खोलीत बसवत नव्हतं. बिघडलेली गाडी असती तर बोनेट उघडून हात घातला असता. इथे हात कुठे घालणार? जावयानं रजा काढली होती. मिस्त्री म्हणाला, "मी जरा आत्याकडे जाऊन येतो. जुने कागद बघतो." जावई म्हणाला, "आत्ता, बाबा?" मिस्त्री चपला घालून निघाला.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. दुसऱ्या गावात, दोर आणि पत्र्याचे डबे विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर एकटी राहते. वय झालं, गुडघे गेले, जीभ मात्र शाबूत. खिडकीपाशी लाकडी तिवईवर बसून वाटाणे सोलत होती.

"आलास? वर्षातून एकदा तोंड दाखवतोस, तेही असं उतरलेलं. काय झालं?"

मिस्त्रीनं सांगितलं. आत्याचे हात थांबले. "देवा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे तिच्यावरच गेली की रे."

"तेच बोलू नकोस!" मिस्त्री ओरडला. आत्याशी तो जन्मात असा बोलला नव्हता. मग आत्यानं मानेनंच पलंगाखालची ट्रंक दाखवली.

ट्रंकेत जमिनीचे कागद होते, घरातले जन्म टिपलेलं एक लांबलचक पान होतं, आणि शिध्याच्या वह्या होत्या. त्या शेतावर माणसं पुष्कळ, घरची आणि कामाची. कुणाला किती धान्य द्यायचं ते वहीत लिहायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी नावापुढे खूण काढलेली असायची. तीच खूण त्या माणसाच्या विळ्यावर, टोपलीवर, भांड्यावर डागलेली. आपला शिधा आपण खूण बघून उचलायचा. जुनं अक्षर आत्यालाच लागायचं, म्हणून ती वाचत होती आणि मिस्त्री तिच्या खांद्यावरून बघत होता.

"ही बघ ती. लग्न होऊन आली त्या साली." नावापुढे दोन तिरक्या रेघा आणि खाली एक ठिपका. पानं उलटली. पेरणी, कापणी, मळणी. बाईचं धान्य दर वेळी इतरांइतकंच. म्हणजे बरोबरीनं राबत होती. कुठे म्हणून खाडा नाही. बाळंतपणाच्या महिन्यात शिधा वाढवलेला. जन्माच्या पानावर मुलाची नोंद. आणि त्यानंतर वहीच्या थोड्याच पानांनी तिचं नाव एका आडव्या रेघेनं कापलेलं.

"संपली," आत्या म्हणाली.

मिस्त्री त्या रेघेकडे बघत राहिला. एवढं लांब येऊन हेच बघायचं होतं का? मूल झाल्यापासून त्या रेघेपर्यंत किती थोडी पानं होती! त्याच्या लेकीचं बाळ आता केवढं झालं, हा हिशेब त्याच्या मनात आपोआप सुरू झाला.

"आणि ही पुढे आली गोठेवाली," आत्यानं बरीच पानं टाकून बोट ठेवलं. "पोराची सावत्र आई. पण बाई काय होती! नाकावर माशी बसू द्यायची नाही. अडलेली गाय मोकळी करायला आजूबाजूचे लोक हिला बोलवायचे. सुनांवर तर असा वचक, की बोलायची सोय नाही. सून बाळंत झाली की ही आपलं अंथरूण उचलून तिच्याच खोलीत मुक्कामाला. महिना महिना हलायची नाही. पाळत ठेवायला, दुसरं काय!"

मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. त्याची नजर मधल्या, आत्यानं टाकलेल्या पानांवर होती. तिथे एक वेगळा मथळा होता. "हे काय आहे?"

"लांबचं शेत. तिथे खोपटात कुणी राखणीला राहिलं, की त्याचं नाव घरच्या पानावर कापायचं आणि धान्य तिकडे पाठवायचं."

"म्हणजे नाव कापलं की माणूस मेलं असं नाही?"

"तसं नाही, पण..." आत्या अडखळली.

त्या पानावर नावं नव्हतीच, नुसत्या खुणा होत्या. दोनच. एक चांदणी, आणि दुसरी म्हणजे दोन तिरक्या रेघा आणि खाली ठिपका. दोघींपुढे दोन पेरण्यांचं धान्य मांडलेलं.

"चांदणी कुणाची?"

आत्यानं चष्मा पुसला. मागची पानं चाळली. "तिच्या नणंदेची. नवऱ्याची बहीण. विधवा होऊन माहेरी आलेली." मग हळूच म्हणाली, "हिचंही नाव त्याच दिवशी कापलंय बघ."

खोलीत वाटाण्यांच्या सालींचा वास येत होता. खाली दुकानात कुणीतरी डबे रचत होतं. मिस्त्री म्हणाला, "आणि ही गोठेवाली. हिच्यापुढे खूण का नाही?"

"कागद फाटलाय तिथे. पण हिची खूण आहे की माझ्याकडे. ही तिवई तिचीच. दूध काढायला बसायची तिच्यावर."

"ऊठ," मिस्त्री म्हणाला.

"अरे, गुडघे..."

"ऊठ गं आत्या!"

त्यानं तिला दोन्ही दंडांना धरून जवळजवळ उचलूनच पलंगावर बसवलं आणि तिवई उलटी केली. लाकडात काळी डागलेली खूण अजून स्पष्ट होती. दोन तिरक्या रेघा आणि खाली ठिपका.

आत्या बघतच राहिली. "असं कसं होईल? माणूस गेलं की त्याची खूण गेली. दुसऱ्या कुणाला देत नसत. आमच्या आजोबांनी गेलेल्या थोरल्याची खूण धाकट्या पोरालासुद्धा दिली नाही..." आणि बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मेली नाहीच रे ती! लांबच्या शेतावर नेऊन ठेवली होती. बरी होऊन परत आली, आणि परत आलेल्याला नव्या पानावर नव्यानं लिहायचं. गोठ्याचं काम दिलं म्हणून गोठेवाली. बाई एकच. अरे, बाई एकच होती!"

"आणि विहीर?"

"विहीर कुणी पाहिलीय?" आत्या एकदम चिडली. जगावर की स्वतःवर, कोण जाणे. "मी पण सांगत आले ना जन्मभर. तुझ्या लेकीलाही मीच सांगितलंय, वेणी घालता घालता."

तेवढ्यात फोन वाजला. जावई होता. "बाबा, मी बाळाला पाळण्यात ठेवायला गेलो तेवढ्यात तिनं आतून कडी लावून घेतली. हाका मारल्या की ओ देते, पण उघडत नाही. काय करू?"

"बोलत राहा तिच्याशी. शेजारच्यांना बोलव. खिडकीपाशी कुणाला तरी उभं कर. मी निघालो."

आत्यानं तिवई त्याच्या हातात कोंबली. "ने ही. तिच्या दारात बसून राहा. पळून आलायस ना इथे? जा."

बसमध्ये मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हर इतका वेळ का घेतो, गियर असा का पाडतो, सगळं त्याला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. झालं होतं. आमच्याच घरात झालं होतं, आणि ती बरी झाली." त्या एवढंच म्हणाल्या, "मी येते. तुम्ही पोचा."

घरी पोचला तेव्हा शेजारीण खिडकीबाहेर उभी होती, जावई दाराला कान लावून. त्याच्या कडेवर बाळ रडून रडून लाल झालं होतं. मिस्त्रीनं दारासमोर तिवई ठेवली आणि तिच्यावर बसला. धाप लागली होती.

"मी आलोय गं."

मग अगदी दाराजवळून आवाज आला. ती पलीकडे जमिनीवर बसली असावी.

"बाबा, डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

"भ्यालो."

"मीपण भ्यालेय. मी तिच्यासारखीच होणार ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला. जावयानं डोळे मोठे केले. "अगदी तिच्यासारखीच. ती मेली नव्हती गं. मी आत्ता बघून आलोय. तिला असंच झालं होतं, पोराजवळ जायला भीती वाटायची. तर नणंद तिला घेऊन शेतावर जाऊन राहिली. सोबतीला. मग बरी होऊन घरी आली."

"मग पुढे काय झालं तिचं?"

"गोठेवाली झाली."

गोठेवालीच्या गोष्टी तर लेक लहानपणी पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. मग हुंदका ऐकू आला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती.

"सुनांच्या खोलीत झोपायला जायची ती," रडता रडता लेक म्हणाली.

"हो. पाळत ठेवायला, असं आपण समजत होतो."

कडी निघाली. दार थोडंसं उघडलं. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले, पण ती बापाकडेच बघत होती. मग त्याच्याखालच्या तिवईकडे.

"ती नणंद किती दिवस राहिली होती?"

"दोन पेरण्या."

"आणि तुम्ही?"

मिस्त्री उठला. गुडघे आता त्याचेही कुरकुरत होते. म्हणाला, "अंथरूण कुठे घालू, तेवढं सांग."