गोठ्यामागचं पिंप

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हशी धूत होते. फोन ठेवला आणि पहिली नजर गेली ती गोठ्यामागच्या पिंपाकडे. इतका भला माणूस गेला आणि मला आधी आठवली ती माझीच लबाडी... काय म्हणावं या मनाला!

रफिकभाई आमच्या वरकुट्याचे आरोग्यसेवक. दर गुरुवारी यायचे, पांढऱ्या ओगराळ्यात पाणी घेऊन डासांच्या अळ्या बघायचे आणि साठवणीच्या पाण्यात जिवाणूंची पावडर कालवायचे. अळीनं ती खाल्ली की त्यातलं विष तिच्या आतड्यात भिनतं. गुरांना, माणसांना काही होत नाही, हे घरोघर न कंटाळता सांगायचे. पोरं 'अळीवाले' म्हणून हाका मारायची, तर हे हसून ओ द्यायचे. मला मात्र विष म्हटलं की धडकीच भरायची. आमचं दूध डेअरीला जायचं ना! म्हणून ते पिंप फाटक्या पोत्यानं झाकायचं आणि खुशाल सांगायचं, "मागं काय बी न्हाय, भाऊ."

मग माझ्या सुनीलला डेंगी झाला. बारामतीच्या दवाखान्यात जीव टांगणीला लागला होता. त्याला घरी आणलं, त्या दिवशी रफिकभाई आले ते थेट गोठ्यामागं. पोतं काढलं, ओगराळं बुडवलं. मी मान खाली घालून उभी.

"वहिनी, अळ्यांचं कोष झाल्यात. कोष काय खात न्हाय, मग औषध काय करणार? उपडं करू. धरा तिकडनं."

पिंप घासून उन्हात पालथं घातलं. आता चार शब्द सुनावतील, असं वाटलं. पण, "पोराला पेज द्या, आन् पुढच्या गुरुवारी मला पिंप दाखवा," एवढंच म्हणाले. आमच्या गावात असली गोष्ट दिवस मावळायच्या आत एसटी स्टँडावर पोचते. ही सुनीललासुद्धा कळली नाही. मी कधी माफी मागितली नाही, याची आता फार लाज वाटते.

निवृत्त झाले तेव्हा ओगराळं माझ्या हातात दिलं. "आता गुरुवार तुमचा."

ते गेल्यावर त्यांच्या घरी जाण्या-येण्यात माझे दोन गुरुवार हुकले. परवा पिंपात ओगराळं बुडवलं तर वर कोष आले. तेवढ्यात सुनील एमआयडीसीतून आला. "आई, रडतीस व्हय?"

मग सगळं सांगितलं. पोतं, लबाडी, त्याचा ताप, सगळं... त्यानं ओगराळं माझ्या हातातून घेऊन खिळ्याला अडकवलं आणि पिंपाला हात घातला.

"धर तिकडनं," म्हणाला.