चष्मेवाल्यांच्या बायकोचं ग्राफिक्स कार्ड

चष्मेवाले साठी ओलांडून गेले होते, पण गिऱ्हाईकाला घाई करू द्यायची नाही हा त्यांचा नेम कधी मोडला नव्हता. कोपऱ्यावरचं अरुंद दुकान, त्यात एक उंच खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता आणि काचांनी भरलेली लाकडी पेटी. गिऱ्हाईकाच्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. "आता बरं दिसतंय की मघाशी?" समोरचा कंटाळून "सारखंच" म्हणाला की हे शांतपणे म्हणायचे, "सारखं काही नसतं. पुन्हा बघा."

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होती. तिचा आवाज असा, की घर पेटल्याची खबर देणारा माणूससुद्धा तिच्याशी बोलताना पत्ता नीट सांगायचा. निवृत्त झाल्यावर तिने चार महिन्यांत घरातलं एकूण एक कपाट दोनदा लावलं. मग लावायला काही उरलं नाही. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर खिडकीजवळच्या टेबलावर तसाच राहिला होता. त्यातला एक खेळ बाईंनी सहज उघडून पाहिला आणि त्या त्यात रमल्या.

खेळ पाचजणांच्या तुकडीचा. समोरही पाच. पूल राखायचा, नाहीतर जिंकायचा. बाईंच्या तुकडीतली चार माणसं त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. एक नर्स होती, एक मालट्रकवाला, आणि दोघे भाऊ, ज्यांची बेकरी होती. वयाने सगळी बाईंच्या लेकीएवढी. बाईंची नेमबाजी बेताचीच, पण कोण कुठे आहे हे त्या अशा काही सांगायच्या, की महिन्याभरात सगळी तुकडी त्यांच्याच तोंडाकडे बघू लागली, म्हणजे आवाजाकडे म्हणा. "डावीकडे दोघं. थांबा. आता जा." त्यांना सगळे काकू म्हणत.

एका रविवारी सकाळी हेडफोन बिघडला होता, म्हणून आवाज खोलीभर येत होता. चष्मेवाले पेपर वाचत होते.

"काकू, तुमचं मशीन परत अडकलं का?" मालट्रकवाला विचारत होता.

"अडकलं रे बाबा. मी पुलावर पोचले तोवर पूल गेला होता."

सगळे हसले. बाईही हसल्या. पण सामना संपल्यावर त्या बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या, ते चष्मेवाल्यांच्या नजरेतून सुटलं नाही. पेपरात मग त्यांचं लक्ष लागेना. चौतीस वर्षांत जिचा एक फोन चुकीच्या घरी लागला नाही, तिला यंत्रापायी हसं करून घ्यावं लागावं?

सोमवारी बायको अंघोळीला गेल्याबरोबर त्यांनी टेप घेऊन खुर्चीपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं. पासष्ट सेंटिमीटर. दुपारी दुकानाला कुलूप लावून ते दोन गल्ल्या सोडून असलेल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

"काका, हा मॉनिटर बघा. बत्तीस इंची, फोर-के. बघतच राहाल!" कॉम्प्युटरवाला सांगू लागला. "आणि हा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतो. तो पलीकडचा साठच."

"दोन्हींवर एकच चित्र लावा. हलवा. हं, पुन्हा हलवा." चष्मेवाल्यांनी आधी एक डोळा मिटला, मग दुसरा. खिडकीचा पडदा सरकवून उजेड कुठल्या काचेवर चमकतो तेही पाहिलं. अर्ध्या तासाने कॉम्प्युटरवाला घायकुतीला आला.

"काका, घरी ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे? मॉनिटर कितीही चित्रं दाखवेल, पण ती काढून द्यायची कार्डाने. स्वयंपाकी हळू असेल तर वाढपी चपळ असून काय उपयोग?"

"मग कार्डही द्या. चांगल्यातलं."

"कॅबिनेटमध्ये जागा किती आहे? पॉवर सप्लाय किती वॉटचा?"

चष्मेवाल्यांनी फक्त खुर्चीपासूनचं अंतर मोजलं होतं. "बघून या," तो म्हणाला, "नाहीतर उंट न्याल आणि दार बुटकं निघेल."

बायको भाजी आणायला गेली तशी त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची बाजू उघडली. आत मान घालून ते कुठल्याशा डब्यावरचा आकडा भिंगाने वाचत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "काय चाललंय?"

"धूळ... धूळ काढतोय."

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली. तुम्ही कधी फडकं हातात धरलं नाहीत, आणि आज स्क्रू काढून धूळ?"

मग कबूल करावंच लागलं. चष्मेवाल्यांना वाटलं, ही खूश होईल. पण तिने पिशवी खाली ठेवली, शिवणाच्या डब्यातून एक वही काढली आणि त्यांच्यासमोर धरली. वहीत तिच्या टपोऱ्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. कॅबिनेटच्या आत एकोणतीस सेंटिमीटर जागा, म्हणजे तीन पंख्यांचं कार्ड बसणार नाही, दोन पंख्यांचं बसेल. पॉवर सप्लाय पुरेल. कुठल्या कार्डावर हा खेळ किती वेगाने चालतो, त्याचे आकडे. आठ महिन्यांपासूनच्या तारखा.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुमचे मित्र आले होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'आमच्याकडे म्हातारपणी बालवाडी उघडली आहे.' सगळे हसले होते. म्हटलं, राहू दे."

चष्मेवाल्यांना खरंच आठवत नव्हतं. तेच त्यांना जास्त लागलं. आपण बोलून विसरून जावं आणि तिने ते आठ महिने मनात ठेवावं! हातातलं भिंग त्यांनी उगाचच सदऱ्याला पुसलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. लग्नाच्या बत्तीस वर्षांत हे वाक्य फार वेळा उच्चारलं गेलं नव्हतं, त्यामुळे जरा अडखळतच बाहेर पडलं.

"बरं, चुकलं तर चुकलं. आता ते झाकण लावा. आणि स्क्रू हरवू नका."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेली. कार्डाचा निकाल बाईंनी दोन मिनिटांत लावला. "हे दोन पंख्यांचं. वरचं नको. माझ्या प्रोसेसरला ते झेपणार नाही, नुसता भार व्हायचा." कॉम्प्युटरवाला काकांकडे बघायचा थांबला आणि काकूंकडे बघू लागला.

मॉनिटर मात्र त्या बत्तीस इंचीच मागत होत्या. "लांबची माणसं मला बारीक दिसतात. मोठा पडदा हवा."

"एवढ्या मोठ्या फोर-केला हे कार्ड पुरणार नाही, काकू. दम लागेल त्याला."

"तू आधी बस," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं, टेपने पासष्ट सेंटिमीटर मोजले आणि बाजूला उभे राहिले. पडद्यावर खेळ सुरू झाला. बाईंनी हनुवटी वर उचलली, आणखी वर उचलली, आणि चष्म्याच्या खालच्या भागातून बघू लागल्या.

चष्मेवाले बघतच राहिले. वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेला तो चष्मा त्यांनीच चार वर्षांपूर्वी केला होता. वाचायला उत्तम, चालायला उत्तम, पडद्यासाठी साफ कुचकामी. गेले कित्येक महिने ही मान दुखते म्हणून मलम चोळत होती, आणि ते स्वतः दुकानात बसून जगाच्या माना सरळ करत होते.

"दिव्याखाली अंधार," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"चल दुकानात. आधी डोळे, मग मॉनिटर."

उंच खुर्चीवर बायकोला बसवून त्यांनी तब्बल पाऊण तास काचा बदलल्या. नंबरही बदललेला निघाला. तक्ता नेहमीच्या जागी न ठेवता त्यांनी तो पासष्ट सेंटिमीटरवर हातात धरला होता. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. "आता? आणि आता?" एका काचेला बाई तक्त्याची शेवटची ओळ वाचू लागल्या. मग म्हणाल्या, "अहो, एवढं स्वच्छ असतं होय?"

चष्मा चार दिवसांनी तयार झाला. तो घालून बाईंनी मॉनिटर पुन्हा पाहिले आणि सत्तावीस इंची निवडला, उजेड न चमकणारा, मधल्या रिझोल्यूशनचा, एकशे चव्वेचाळीसवाला. कार्ड बाईंनी स्वतः बसवलं. चष्मेवाल्यांनी टॉर्च धरला आणि दोनदा ओरडा खाल्ला, कारण उजेड भलतीकडेच पडत होता. मॉनिटरचा स्टँड त्यांनी खाली केला, वरची कड तिच्या डोळ्यांच्या किंचित खाली येईल इतका.

पहिला सामना हरले. दुसराही. आता तक्रार करायला यंत्र नव्हतं, म्हणून बेकरीवाले भाऊ एकमेकांवरच घसरले. तिसऱ्यात पूल हाती आला आणि मालट्रकवाला स्पीकरवरून इतका ओरडला, की चष्मेवाले आतल्या खोलीतून धावत आले.

"काकू, तुम्हाला तो छपरावरचा माणूस दिसला कसा?" नर्स विचारत होती.

"आमच्या ह्यांनी चष्मा करून दिला नवा."

"काका चष्मेवाले आहेत? काकू, जरा त्यांना विचारा ना, मला पडद्यासमोर बसलं की डोकं दुखतं."

चष्मेवाले वाकून माइकजवळ आले. "किती लांब बसतेस? मोज. अंदाजे नको, टेप घे." नर्स टेप आणायला गेली. मग बेकरीवाल्या धाकट्याने डोळे कोरडे पडतात म्हणून सांगितलं. मालट्रकवाल्याला समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास होता. चष्मेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि एकेकाला विचारपूस सुरू केली, काही घाई नसल्यासारखी.

"अहो," बाई म्हणाल्या, "पुढचा सामना सुरू झालाय."

"एक मिनिट. हं, धाकट्या, तू पापण्या मिटतोस का मध्येमध्ये?"

बाईंनी त्यांच्यापुढून माइक ओढून घेतला. खुर्ची मात्र त्यांनी हलवू दिली नाही, पायाने अडवून ठेवली. "बसा इथेच. उजवीकडचं टोक तुम्ही बघा. कोणी आलं की सांगा."

"आता आलं," चष्मेवाले म्हणाले.

"किती?"

"दोन. थांब, पुन्हा बघतो."