शेजारणीच्या ओट्यावरचा पाठ

माझी मुलगी एसटीत कंडक्टर आहे आणि डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास करते. दोन्ही एकदम. लोक मला विचारतात, हे जमतं कसं. मला विचारू नका. शेजारणीला विचारा.

शेजारीण म्हणजे आमच्या ओट्याला ओटा लागून राहणारी म्हातारी. माझ्या बायकोची जन्माची सोबतीण. नंदुरबारबाहेर पथारीवर लाल मिरची वाळत घालतात, तिथे दोघींनी उन्हात बसून देठ खुडले. मी मार्केटात हमाल होतो. त्या दोघींना मिरचीने कधी शिंक आली नाही, मला शेवटपर्यंत येत राहिली. त्यालाही त्या हसत.

मुलगी बारावी सायन्स झाली तेव्हा तिचा डॉक्टरकीला नंबर लागला नाही. मग एसटीची भरती निघाली, तिच्यात लागली. मी म्हटलं, झालं आपलं. खाकी कपडे, कायमची नोकरी, अजून काय पाहिजे? पण मायलेकींचं आतल्या आत काय ठरलं मला पत्ता नाही. एक दिवस तळोद्याची ड्युटी करून आली ती काखेत विटेएवढं पुस्तक घेऊनच. वय तिशीला टेकलेलं. मी म्हटलं, आता या वयात? तर म्हणे, या परीक्षेला वयाची वरची अट नाही.

"लग्नाले तर वयनी अट शे ना," मी म्हटलं. मायलेकी हसल्या. मी काही हसायला बोललो नव्हतो.

तिची अभ्यासाची रीत अशी. डोंगरातल्या गावाला गाडी थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, की ही मागच्या सीटवर पुस्तक उघडणार. घरी आली की तोंड धुणार, चहा घेणार आणि ओट्यावर आईसमोर बसून वाचलेलं सगळं तोंडी सांगणार. पुस्तक मिटून. आणि आपल्या बोलीत, कारण आईला दुसरी येत नव्हती. माझी बायको एक दिवस शाळेत गेलेली नाही. ती डाळ पाखडत ऐकायची आणि दर दोन वाक्यांना सूप खाली ठेवायची. "माले नही समजनं. परत सांग." मुलगी परत सांगायची. आईला समजलं म्हणजेच आपल्याला आलं, असा तिचा हिशेब.

मी चौथी शिकलेला. घरात थोडं वाचता येणारा मीच, आणि मी आत खाटेवर. मला कोणी हाक मारली नाही. रात्री जेवायला वाढताना बायको मलाच शिकवायची. "आपला हिरदाले चार खोल्या शेतस. तुम्हले माहीत शे का?"

"आपल्या घराले दोनच शेतस," मी म्हणायचो, "आधी त्या झाड."

मग ती आजारी पडली. किडन्या गेल्या. पाय सुजले, तोंड सुजलं, दवाखान्याच्या चकरा झाल्या, आणि मागच्या दिवाळीआधी ती गेली.

तेरावं झालं, मुलगी ड्युटीवर हजर झाली. मला वाटलं, आता पाठ माझ्याकडे येणार. ओटा तोच, आणि घरात उरलेलं माणूस मी. त्या संध्याकाळी मी ओटा झाडला, सतरंजी टाकली, धुतलेली टोपी घातली आणि बसलो. मुलगी आली. चहा घेतला, पुस्तक उचललं आणि शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली.

मी जळलो. सरळ सांगतो. तोंडात दात नाहीत, दिवसभर मशेरी घासते, एका कानाने ऐकू येत नाही, आणि अशा बाईपुढे माझ्या पोरीने पाठ सांगायचा! वर ती म्हातारी बोलायची काय? "माले नही समजनं. परत सांग." माझ्या बायकोचं वाक्य. बायकोचं लुगडं कोणी न विचारता नेसावं तसं मला वाटलं.

मग एकदा चहाचा कप आपटला. "मी मरी गऊ का? मन्हापुढे का नही सांगत?"

"बसा मंग," ती म्हणाली.

बसली समोर. श्वासाचा पाठ होता. नाक, नळी, फुप्फुस. मी मान हलवत होतो. हमालीत तेच शिकलो. शेठ काय बोलला ते कळो न कळो, मान हलवायची आणि पोतं उचलायचं. जो हमाल "काय म्हणालात?" विचारत बसतो, त्याच्या पाठीवर दुसरं पोतं येत नाही. ती सांगत होती, मी हलवत होतो. मग ती म्हणाली, हवा पोटात उतरते आणि तिथून गुडघ्यात जाते.

"हा, बराबर," मी म्हटलं.

ती थांबली. "आबा, मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. समजत नही तर मान कसाले हलाई ऱ्हायनात?"

दुसऱ्या दिवशी ती परत शेजारच्या ओट्यावर.

आता मी कान त्या बाजूला देऊन बसायचो, पण ती तिकडे म्हातारीच्या चांगल्या कानाशी हळू बोलायची. का, ते मला नळावर कळलं. मी हंडा घेऊन उभा होतो, आणि पुढे म्हातारी एका बाईला सांगत होती, "तिन्ह्या किडन्या म्हणजे चाळण्या व्हत्यात. त्या बंद पडन्यात. पाणीले बाहेर जावाले वाटच नही, मंग ते छातीत भराई गय."

तिन्ह्या म्हणजे माझ्या बायकोच्या. माझी बायको कशाने गेली हे शेजारणीला ठाऊक, आणि ती ते नळावर वाटते आहे. मला डॉक्टरने सांगितलं होतं तेव्हा मी मान हलवली होती.

हंडा अर्धाच भरून मी घरी आलो. मुलगी ड्युटीवरून आली. मी तिला चपलाही काढू दिल्या नाहीत. "किडनीना पाठ माले सांग."

ती खांद्याची पिशवी तशीच धरून उभी राहिली. "तो तुमच्यापुढे माझ्या तोंडातून निघत नाही, आबा. म्हणून तर तिकडे जाते."

"निघू दे."

आम्ही ओट्यावर बसलो. तिने सांगितलं. चाळणी, रक्त, घाण, पाणी. मी मान धरून ठेवली, मानेला सवय नव्हती. ती थांबल्यावर म्हटलं, "माले नही समजनं."

"काय नही समजनं?"

"तिच्या अंगात पाणी साठलं होतं म्हणतेस. पाय तर मी रोज दाबत होतो, बोट रुतायचं. मग ती पाणी का मागायची? डॉक्टरने बंद केलं होतं म्हणून मी तांब्या खाटेखाली लपवला. ती म्हणायची, एक घोट द्या. पाण्याने भरलेल्या माणसाला तहान का लागते?"

मुलीने तोंड उघडलं. मिठाचं काहीतरी बोलायला लागली, थांबली, पहिल्यापासून धरलं, परत तिथेच अडली.

"हे मलाच आलेलं नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. परीक्षा पुढच्या महिन्यात. शेजारच्या मावशीने हे कधी विचारलंच नाही, असं पुटपुटली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारून हाक आली. "काय वं बेटा, आज पाठ नही शे का?"

"आज मन्हा नंबर शे!" मी ओरडलो.

म्हातारी तरी आलीच, मशेरीची डबी घेऊन, आणि बायको बसायची त्या खांबाला टेकायला लागली.

"तठे नही," मी म्हटलं, "अठे बठ."

ती बसली कुरकुरत. मुलीचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने पुस्तक मिटलं आणि मीठ रक्तात अडकून राहतं, तिथपासून धरलं. म्हातारीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "परत सांग."