फॅमिलीला खोली नाही

पट कमी झाला म्हणून आमच्या गावची सातवीपर्यंतची शाळा बंद झाली. पारावर लोक सरकारला शिव्या देतात. मी त्यात बोलत नाही.

हिंजवडीकडं कंपन्या आल्या तशा आम्ही जमिनी विकल्या आणि उरलेल्या गुंठ्यांत खोल्या बांधल्या. गावातली पोरं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जाऊ लागली; माझी मुलगीही. गावच्या शाळेत उरली ती बीड-परभणीहून, बिहारातून आलेल्या गवंड्यांची, वॉचमनची मुलं. आणि नेमक्या त्यांच्याच आईबापांना आम्ही खोल्या देत नव्हतो. फॅमिली म्हटली की पाणी जास्त, पाहुणे जास्त, भिंतींवर रेघोट्या. त्यापेक्षा बॅचलर बरे. असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण दारोदारच्या पाट्या तेच सांगत होत्या. ते संसार लांब गेले, वर्ग रिकामे होत गेले.

मी शाळा समितीत होतो. शाळा बंद व्हायच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये मुख्याध्यापक बाई मुलं शोधत फिरत होत्या. एका दुपारी त्या एका गवंड्याला, त्याच्या बायकोला आणि तीन मुलांना घेऊन आमच्या अंगणात आल्या.

"दादा, तिघंही आपल्या शाळेत येतील. तुमची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे ना?"

आतून बायको म्हणाली, "बाई, पोरांची एवढी हौस हाय, तर न्या की तुमच्याच घरी!"

"नेली असती हो वहिनी," बाई हसल्या, "पण आमचा घरमालकही तुमच्यासारखाच आहे."

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "ती खोली दिलीय. कालच शब्द दिला."

खोटं होतं ते. बाईंनाही कळलं असावं. गवंडी "बरं मालक" म्हणून वळला.

पुढच्या वर्षी शाळेला कुलूप लागलं. बाकं टेम्पोत चढवायला मीही हात लावला. बदली झालेल्या बाई जाताना माझ्याशी नीट बोलल्या. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

आता मी फॅमिलीला खोल्या देतो. सध्याच्या भाडेकरूंपैकी एक नवरा-बायको रोज बांधकामावर जातात. त्यांची मुलगी पाचवी झालीय, पण आता जवळची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडं, डंपरच्या वाटेवर. ती घरीच धाकट्या भावाला सांभाळते. परवा मी तिच्या आईला म्हणालो, "मी सोडत जाईन की तिला गाडीवर."

"आन् ह्याला कोण बघंल, मालक?" ती म्हणाली. "हितं शाळा असती, तर कडंवर घिऊन गेली असती."

मी "व्हय" म्हणालो.